आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

आमच्या होस्टेलमध्ये रिझल्टच्या खालोखाल कशाची चर्चा होत असेल, तर ती केसांची! बाथरूमच्या जाळीत अडकलेला केसांचा पुंजका पाहून "हे कोणाचे?" असा प्रश्न निघतो आणि मग सगळे एकमेकांच्या कपाळाकडे बघू लागतात. कोणी म्हणतो बोअरच्या पाण्यानं जातात, कोणी म्हणतो मेसच्या जेवणानं, तर कोणी म्हणतो एम-थ्री या विषयानं. शेवटी एखादा पुण्यातल्या क्लिनिकची जाहिरात दाखवून म्हणतो, "टेन्शन कशाला? नोकरी लागली की ट्रान्सप्लांट करून टाकू."

मी स्वतः वीस वर्षांचा आहे, माझ्या वडिलांना टक्कल आहे आणि माझ्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकू लागले आहेत. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसत्या गप्पांचा नाही. त्यात गेल्या वर्षी माझ्या आतेभावानं लग्नाआधी पुण्याला जाऊन 'एफयूई' पद्धतीनं केसरोपण करून घेतलं, तेव्हा सोबतीला मीच होतो. तिथे जे पाहिलं आणि नंतर जे वाचलं, ते इथे मांडतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी थोडं इकडचं तिकडचं आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आधी केस का जातात ते पाहू

पुरुषांमध्ये नेहमी दिसणारं टक्कल हे अनुवंशिक असतं. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन तयार होतं. कपाळाच्या वरची आणि टाळूवरची केसांची मुळं या डीएचटीला संवेदनशील असतील, तर ती हळूहळू बारीक होत जातात. जाड केसाच्या जागी लव येते आणि शेवटी तीही जाते. हा गुण आई आणि वडील, दोघांच्याही घराण्यातून येऊ शकतो. बोअरच्या जड पाण्यानं केस राठ होतात हे खरं, पण त्यानं हे टक्कल पडत नाही.

गंमत म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूची आणि कानांच्या वरची मुळं सहसा डीएचटीला दाद देत नाहीत. म्हणून पूर्ण टक्कल पडलेल्या आजोबांच्या डोक्यालाही मागे केसांची झालर शिल्लक असते. न्यूयॉर्कचे डॉ. नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं, की मागचा केस उचलून पुढे लावला तरी तो आपला मूळ स्वभाव सोडत नाही. जपानमध्ये डॉ. ओकुदा यांनी त्याच्याही वीस वर्षं आधी, १९३९ मध्ये, असं रोपण केल्याचं प्रसिद्ध केलं होतं. पण लगेच महायुद्ध आलं आणि बाहेरच्या जगाला ते कळलंच नाही. त्या जुन्या पद्धतीत मोठमोठे तुकडे लावत, त्यामुळे डोकं बाहुलीच्या केसांसारखं दिसायचं. पुढे एफयूटी आली. त्यात मागच्या कातडीची एक पट्टीच कापून काढतात आणि टाके घालतात. आज सर्वत्र ऐकू येणारी एफयूई ही वैद्यकीय नियतकालिकांत २००२ च्या सुमारास मांडली गेली. तिच्यात पट्टी कापत नाहीत, एकेक मूळ सुटं काढतात.

कांद्याची लागवड आणि एफयूई

आमच्या केज तालुक्यात कांद्याची लागवड कोणी पाहिली असेल, तर त्याला एफयूई अर्धी समजलीच म्हणून समजा. वाफ्यात दाट रोप असतं. ते मूळ न तोडता उपटायचं, सुकू द्यायचं नाही आणि तयार केलेल्या रानात ठरावीक अंतरानं लावायचं. इथेही तेच.

आपले केस एकेकटे उगवत नाहीत. एक ते चार केसांचा एक गुच्छ असतो. तो गुच्छ म्हणजे एक ग्राफ्ट. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी डोकं बारीक भादरतात, फोटो काढतात आणि पुढची केसांची रेघ पेनानं आखतात. मग डोक्यात भूल देण्याची इंजेक्शनं देतात. आतेभावाच्या म्हणण्याप्रमाणे दिवसभरात खरं दुखलं ते एवढंच. नंतर माणूस जागाच असतो, पण डोकं बधिर.

त्यानंतर त्याला पालथं झोपवून साधारण ०.८ ते १ मिलिमीटर व्यासाच्या पोकळ पंचनं एकेका गुच्छाभोवती गोल काप घेतात आणि चिमट्यानं तो अलगद बाहेर काढतात. खरं कौशल्य इथे आहे. केस कातडीतून सरळ नाही, तिरका बाहेर येतो आणि कातडीखाली तो कोणत्या दिशेनं गेलाय हे वरून दिसत नाही. पंचचा कोन चुकला की मूळ मधेच कापलं जातं. कापलेलं मूळ बहुधा कामातून गेलं! मशीन ड्रॉइंगमध्ये आपण अर्ध्या मिलिमीटरसाठी वाद घालतो. इथे दोन हजार वेळा तोच हिशोब हातानं सांभाळायचा असतो.

काढलेले ग्राफ्ट्स थंड द्रावणात ठेवतात, कारण ते वाळले की संपले. दुपारी थोडी विश्रांती आणि जेवण. मग पुढच्या भागात बारीक छिद्रं करून एकेक ग्राफ्ट लावतात. अगदी पुढच्या रेघेत एक केसाचे ग्राफ्ट्स आणि त्यामागे दोन-तीन केसांचे, म्हणजे रेघ नैसर्गिक दिसते. एकूण सहा ते आठ तास सहज जातात.

नंतर काय होतं?

पहिल्या रात्री उशा रचून डोकं उंच ठेवून झोपावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरू शकते. आत्यानं तो चेहरा पाहून देवाचा धावा सुरू केला होता, पण दोन-तीन दिवसांत सूज ओसरली. लावलेल्या जागी बारीक खपल्या धरतात, त्या आठ-दहा दिवसांत पडतात. नखानं काढायच्या नाहीत. घाम येईल अशी कामं, जिम, पोहणं काही आठवडे बंद. आपल्या बीडच्या उन्हात उघड्या डोक्यानं फिरणं तर नकोच. हेल्मेटचा दाब आणि घासणं चालत नाही आणि हेल्मेटशिवाय बाईक चालवायची नाही, म्हणजेच डॉक्टर परवानगी देईपर्यंत आपली लाल परी बरी! सिगारेट-तंबाखूनं रक्तपुरवठा कमी होतो, म्हणून तीही बंद.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले बहुतेक केस गळून पडतात! आतेभावाचा रात्री अकरा वाजता फोन आला होता, "अरे, पैसे पाण्यात गेले." पण गेलेले नसतात. लावणीनंतर कांद्याचं रोप मान टाकतं आणि मग नवी पात फुटते ना, तसंच. केस पडतो, मूळ आत जिवंत असतं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे केस दिसू लागतात आणि महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. खरा निकाल नऊ ते बारा महिन्यांनी दिसतो, टाळूवर तर त्याहूनही उशिरा. म्हणून "लग्न पुढच्या महिन्यात आहे, लवकर करून टाकू" हा विचार अगदी उलटा पडतो.

मागच्या बाजूला टाक्यांची रेघ राहत नाही, पण "व्रण अजिबात नाही" हे खरं नाही. बारीक पांढरे ठिपके राहतात. मोजून केस काढले असतील तर ते झाकले जातात.

हिशोब

आपण इंजिनिअर, म्हणून थोडं गणित. मागचा सुरक्षित भाग साधारण २०० चौरस सेंटिमीटर धरा. दर चौरस सेंटिमीटरला साधारण ७५ गुच्छ, म्हणजे एकूण १५,०००. त्यातले एक तृतीयांशाच्या आतच काढता येतात, नाहीतर मागचा भाग विरळ दिसतो. म्हणजे साऱ्या आयुष्यासाठी अंदाजे चार ते पाच हजार ग्राफ्ट्स. माणसागणिक हे कमी-जास्त होतं, पण मर्यादा प्रत्येकाला आहेच.

आता पुढच्या बाजूचा ५० चौरस सेंटिमीटर भाग दर सेंटिमीटरला ४० नं भरायचा, तर २,००० ग्राफ्ट्स लागले. जवळजवळ अर्धी शिल्लक संपली! समजा हे विसाव्या वर्षी केलं. लावलेले केस टिकतील, पण त्यांच्या मागचे आपले मूळ केस जातच राहतील. तिशीत पुढे केसांचं बेट आणि मागे मोकळं रान अशी अवस्था होईल आणि भरायला ग्राफ्ट्स उरणार नाहीत. एफयूईनं डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. फक्त जागा बदलते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणूनच चांगले डॉक्टर आपल्या वयाच्या मुलांना थांबायला सांगतात आणि आहेत ते केस टिकवण्यासाठी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड यांचा विचार करतात. या औषधांचे दुष्परिणामही असतात, तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणू नका.

आणि प्रत्येक केसगळती म्हणजे हे टक्कल नव्हे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं घाबरली होती, कारण काही दिवसांत लोकांची डोकी रिकामी होत होती. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी तपासण्या करून सेलेनियमचं प्रमाण फार वाढल्याचं सांगितलं. पुढे अनेकांचे केस परत येऊ लागले. तिथे कोणी रोपण करून काय साधलं असतं? म्हणून आधी निदान. त्यासाठी पुण्याला जायचीही गरज नाही. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे.

पैसे भरण्याआधी

ही शस्त्रक्रिया आहे, हेअरकट नव्हे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा रोपणानंतर दोन-तीन दिवसांतच मृत्यू झाला. औषधाच्या तीव्र ॲलर्जीचा संशय होता आणि एकाच बैठकीत ९,००० हून जास्त ग्राफ्ट्स लावल्याच्या बातम्या होत्या. वरच्या हिशोबाशी हा आकडा ताडून पाहा. २०२५ मध्ये कानपूरला रोपणानंतर एका इंजिनिअरचा मृत्यू झाल्याचं प्रकरण गाजलं. तिथे रोपण करणारी व्यक्ती दंतवैद्य असल्याचं समोर आलं. २०२२ मध्येच राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं स्पष्ट केलं होतं, की यूट्यूब बघून किंवा वर्कशॉपला बसून हे काम करण्याइतकं प्रशिक्षण होत नाही. रीतसर शिकलेला प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञच हवा.

म्हणून विचारा: डॉक्टरची पदवी कोणती? पंच स्वतः डॉक्टर चालवणार की टेक्निशियन? ॲलर्जी, बीपी, शुगर यांची तपासणी होणार का? काही बिघडलं तर तिथे सोय काय? किती ग्राफ्ट्स काढणार आणि पुढच्यासाठी किती शिल्लक राहणार? दर बहुधा ग्राफ्टमागे असतो, तेव्हा "चार हजार केस" आणि "चार हजार ग्राफ्ट्स" यांतला फरकही समजून घ्या. यापैकी एकाही प्रश्नावर समोरचा चिडला, तर सरळ उठून या.

आतेभाऊ चौतीस वर्षांचा आहे, त्याचं टक्कल स्थिरावलं होतं, त्याचा निर्णय त्याला लाभला. मी मात्र थांबायचं ठरवलंय. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं, दर सहा महिन्यांनी एकाच जागेवरून फोटो काढून ठेवतोय. पंचविशीनंतर काय ते बघू. स्थळं बघताना मुलीकडचे काय म्हणतील ही काळजी आईला आहे, मलाही थोडी आहे, खोटं कशाला बोलू? पण आयुष्यभराची शिल्लक विसाव्या वर्षी उडवून ती काळजी मिटणार नाही, एवढं गणित मला नक्की सुटलंय. होस्टेलच्या पुढच्या चर्चेत बोअरच्या पाण्याऐवजी हा हिशोब निघाला, तरी लेख लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.