लाईट गेली तरी जागणारा राखणदार

हिवाळ्यात आमच्या औशाकडे बाळंतिणीची खोली कशी असते, हे माता-भगिनींना सांगायला नको. दार लावलेले, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या, बाजेखाली गोवरी-कोळशाची शेगडी आणि वर ओवा-शेपाची धुरी. आमच्या घरीही असेच होते. एका रात्री बाळंतीण म्हणाली, "डोकं लई दुखतंय, मळमळतंय." शेकणाऱ्या आजीचेही डोके गरगरत होते. कोणी म्हणाले, दृष्ट काढा. आम्ही आधी दार उघडले, बाळासह सर्वांना बाहेर आणले आणि शेगडी अंगणात ठेवली. मोकळ्या हवेत दोघींना बरे वाटू लागले. सकाळी दवाखान्यात दाखवले. ती दृष्ट नव्हती, विषारी वायू होता.

कोळसा, गोवरी, लाकूड, गॅस यांपैकी काहीही जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक हॉटेलच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले आणि दगावले. त्यांत चार लहान मुले होती.

हा वायू ओळखून जोराने वाजणारे छोटे यंत्र मिळते. घेताना नीट पाहावे. धुराचे यंत्र वेगळे, कार्बन मोनॉक्साईडचे वेगळे आणि सिलिंडरच्या गळतीचे वेगळे. एकाचे काम दुसरे करीलच असे नाही.

मुख्य प्रश्न विजेचा. गॅसगळतीची यंत्रे बहुधा बोर्डात लावावी लागतात. लाईट गेली की ती मुकी होतात. भारनियमनाचे दिवस आपण विसरलेलो नाही, आणि आजही वादळवाऱ्यात लाईट जाते. नेमके तेव्हाच घरात कंदील, शेगडी किंवा जनरेटर सुरू होतो. म्हणून कार्बन मोनॉक्साईडचे आणि धुराचे यंत्र सेलवर चालणारे, निदान लाईट गेल्यावर सेलवर चालू राहणारे असावे.

काहींत साधे सेल बदलता येतात. काहींत लिथियमचा सेल कायमचा बसवलेला असतो. तो सात ते दहा वर्षे चालतो, मग सारे यंत्रच बदलायचे. सेल उतरला की यंत्र थांबून थांबून 'चिक' करते. कटकट नको म्हणून सेल काढून ठेवू नये, आणि तो पोरांच्या खेळण्यात तर मुळीच घालू नये. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज तपासावा. आतल्या भागालाही आयुष्य असते, म्हणून मागे छापलेली मुदत वाचावी. यंत्र झोपायच्या खोलीत, आवाज ऐकू येईल असे लावावे. ते वाजले तर आधी सर्वांनी बाहेर पडावे, मग दवाखाना गाठावा.

यंत्र घेणे लगेच जमले नाही तरी बिनखर्चाचे उपाय आहेतच. पेटती शेगडी झोपायच्या खोलीत ठेवू नये. जनरेटर घरापासून दूर, उघड्यावर चालवावा. गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर असावा.

पाळण्याला आपण झबले-टोपडे नेतो. चार घरांनी मिळून त्यासोबत हे यंत्रही न्यावे, अशी आमची विनंती आहे. बाळाला त्याहून मोलाचा आहेर कोणता?