महिला क्रीडा-लीग आणि चाहतावर्ग : गहुंजे (ता. मावळ) येथील महिला क्रिकेटच्या संदर्भात

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्राचा अभ्यास करताना खेळाडू, प्रशिक्षक, संघटना आणि पुरस्कर्ते यांचा विचार होतो. प्रेक्षकाचा विचार बहुधा तिकीटविक्रीच्या आकड्यापुरताच मर्यादित राहतो. पुरुषांच्या मोठ्या स्पर्धांत प्रेक्षक गृहीत धरलेला असतो, त्यामुळे ही उणीव फारशी जाणवत नाही. महिलांच्या लीग स्पर्धांत मात्र तसे गृहीत धरता येत नाही. तेथे प्रेक्षक घडवावा लागतो व टिकवावा लागतो. मावळ तालुक्यातील गहुंजे येथे महिला क्रिकेटच्या दोन भिन्न स्वरूपाच्या स्पर्धा झाल्या आहेत. त्यांच्या आधारे, महिला लीगचा चाहता कशामुळे निर्माण होतो व कशामुळे टिकतो, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अर्धव्यावसायिक लीग : संकल्पना

ज्या लीगमध्ये खेळाडूंना काही मानधन मिळते अथवा मुळीच मिळत नाही, परंतु स्पर्धेची शिस्त, वेळापत्रक व दर्जा व्यावसायिक असतो, तिला अर्धव्यावसायिक लीग म्हणता येईल. या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील महिलांचे अमेरिकन फुटबॉल होय. तेथे १९७४ मध्ये महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली. ती पुढे बंद पडली. २००० च्या सुमारास अनेक नव्या लीग उदयास आल्या व त्यांपैकी बहुतेक काळाच्या ओघात थांबल्या. २००९ पासून ‘विमेन्स फुटबॉल अलायन्स’ ही लीग खेळविली जाते. यातील बहुसंख्य खेळाडू नोकरी सांभाळून खेळतात आणि अनेकदा संघाच्या खर्चासाठी स्वतःच वर्गणी भरतात.

या इतिहासातून एक महत्त्वाची गोष्ट निदर्शनास येते. वॉशिंग्टन परिसरातील ‘डी. सी. दिवाज’ हा संघ २००१ पासून एकापाठोपाठ तीन लीगमध्ये खेळला. लीग बदलल्या, संघ तोच राहिला आणि चाहत्यांना त्याच्यामागे जाता आले. चाहत्याची निष्ठा प्रथम संघाशी, म्हणजेच गावाच्या नावाशी जडते; लीगशी तिचा संबंध त्यानंतर येतो. स्थिर संघ व पुनःपुन्हा येणारा हंगाम या दोन गोष्टी चाहतावर्गाचा पाया होत.

पुण्यातील पूर्वपीठिका

महिला क्रिकेटशी पुणे परिसराचा संबंध जुना आहे. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी एप्रिल महिन्यात पहिली आंतरराज्य स्पर्धा पुण्यात भरली. तीत मुंबई, महाराष्ट्र व उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. १९७६ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी मालिका झाली, तेव्हा पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी भारतीय संघात होत्या. पुढे त्या भारताच्या कर्णधार व संघटनेच्या सचिवही झाल्या. त्या काळात खेळाडूंनी रेल्वेच्या अनारक्षित डब्यांतून प्रवास केला आणि सामूहिक निवासांत मुक्काम केला. २००६ मध्ये संघटनेचे भारतीय क्रिकेट नियामक मंडळात विलीनीकरण झाले. यामुळे सोयी वाढल्या, तरी लीग स्वरूपाची स्पर्धा येण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

गहुंजे येथील दोन स्पर्धा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत असलेले गहुंजे येथील महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचे मैदान २०१२ मध्ये सुरू झाले. त्याची आसनक्षमता सुमारे ३७ हजार आहे. येथे २३ ते २८ मे २०२२ या काळात ‘विमेन्स टी-२० चॅलेंज’ ही स्पर्धा झाली. सुपरनोव्हाज, ट्रेलब्लेझर्स व व्हेलॉसिटी हे तीन संघ तीत सहभागी होते. अंतिम सामन्यात सुपरनोव्हाजने व्हेलॉसिटीचा ४ धावांनी पराभव केला. याच स्पर्धेत मूळच्या सोलापूर जिल्ह्यातील किरण नवगिरे यांनी ट्रेलब्लेझर्सविरुद्ध ३४ चेंडूंत ६९ धावा केल्या. त्या वेळी त्या नागालँडकडून खेळत असल्याने महाराष्ट्रातील अनेक प्रेक्षकांना हे नाव नवे होते. त्याच वर्षी त्यांची भारतीय संघात निवड झाली व २०२३ च्या विमेन्स प्रीमियर लीगच्या लिलावात उत्तर प्रदेशाच्या संघाने त्यांना ३० लाख रुपयांना घेतले.

खेळाच्या दृष्टीने ही स्पर्धा दर्जेदार होती. चाहत्याच्या दृष्टीने मात्र तीत दोन उणिवा होत्या. पहिली म्हणजे तिन्ही संघांच्या नावांत एकाही गावाचा वा प्रदेशाचा उल्लेख नव्हता. दुसरी म्हणजे स्पर्धा २०१८ मध्ये मुंबई, २०१९ मध्ये जयपूर, २०२० मध्ये शारजा व २०२२ मध्ये गहुंजे अशी दर वेळी नव्या ठिकाणी गेली आणि नंतर बंद झाली. मावळातील प्रेक्षकाने सामने पाहिले, परंतु पुढील वर्षी कोणाची वाट पाहावी, हे त्याला ठरविता आले नाही. प्रेक्षक व चाहता यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

जून २०२५ मध्ये याच मैदानावर महाराष्ट्राची महिला प्रीमियर लीग खेळविली गेली. पुणे, रत्नागिरी, सोलापूर व रायगड या नावांचे चार संघ तीत होते. सांगलीच्या स्मृती मानधना रत्नागिरीच्या संघात होत्या. या रचनेत पहिली उणीव दूर झाली, कारण प्रेक्षकाला ‘आपला’ म्हणता येईल असा संघ मिळाला. तथापि सर्व सामने गहुंजे येथेच झाल्याने रत्नागिरी, सोलापूर वा रायगडच्या चाहत्याला आपला संघ आपल्या गावी पाहता आला नाही. परिणामी, चारही संघांना रोज प्रत्यक्ष प्रतिसाद देऊ शकेल असा प्रेक्षक मुख्यत्वे मावळ व पिंपरी-चिंचवड परिसरातीलच उरतो.

मावळातील चाहत्यापुढील प्रश्न

हा प्रेक्षक मैदानाजवळ राहत असला तरी त्याचा मार्ग सुकर नाही. लोणावळा, कामशेत, वडगाव व तळेगाव येथून लोकलने बेगडेवाडी किंवा देहूरोडपर्यंत येता येते; तेथून मैदानापर्यंत स्वतंत्र वाहनाची व्यवस्था करावी लागते. सायंकाळी उशिरा संपणाऱ्या सामन्यानंतर शाळा-महाविद्यालयातील मुलींना परतणे अधिकच कठीण होते. जून महिन्यात मावळात पावसाला प्रारंभ होतो आणि भातरोपांची कामे सुरू होतात. शेतकरी कुटुंबांतील स्त्रियांना या दिवसांत सवड नसते. म्हणजे ज्या वर्गात महिला क्रिकेटविषयी सर्वाधिक आत्मीयता निर्माण होऊ शकेल, त्याच वर्गाला मैदानापर्यंत पोहोचणे सर्वांत अवघड आहे.

या प्रश्नाचे महत्त्व केवळ रिकाम्या खुर्च्यांपुरते नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विमेन्स प्रीमियर लीगमध्ये पाच संघ असून प्रत्येक संघात कमाल १८ खेळाडू असतात. म्हणजे देशभरातून, परदेशी खेळाडूंसह, जास्तीत जास्त ९० जणींना तेथे स्थान मिळते. उर्वरित खेळाडूंच्या दृष्टीने राज्य लीग हीच लोकांसमोर येण्याची संधी ठरते. अशी लीग प्रेक्षकांअभावी खंडित झाली, तर त्यांची कारकीर्द निवड समितीच्या कागदांपुरतीच उरते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला. या विजयाने खेळाविषयीचे कुतूहल वाढले. परंतु विश्वविजेत्या संघाविषयीचे कुतूहल राज्य संघातील अपरिचित गोलंदाजापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तेथे नियमितपणे येणारा चाहताच आवश्यक असतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, महिला लीगचा चाहता एखाद्या गाजलेल्या अंतिम सामन्याने घडत नाही. त्यासाठी प्रदेशाच्या नावाचा स्थिर संघ, दरवर्षी ठरावीक काळी येणारा हंगाम आणि मैदानापर्यंतची सुरक्षित वाट या तिन्ही गोष्टींची आवश्यकता असते. यांपैकी पहिली गोष्ट गहुंजे येथे साध्य झाली आहे. दुसरी संयोजकांच्या सातत्यावर अवलंबून आहे. तिसरीबाबत मात्र स्थानिक पातळीवर बरेच करता येण्याजोगे आहे. सामन्यांच्या दिवशी बेगडेवाडी स्थानकापासून बससेवा, लोणावळा व तळेगाव येथील शाळा-महाविद्यालयांसाठी राखीव आसने, दुपारच्या वेळचे सामने आणि महाविद्यालयीन विद्यार्थिनींनी ठेवलेली सामन्यांची नोंदवही हे उपाय फार खर्चाचे नाहीत. १९७३ मध्ये तीन संघांनिशी पुण्यात सुरू झालेल्या आंतरराज्य परंपरेला तिच्या परिसरातच कायमचा चाहतावर्ग मिळावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.