बाविसाव्या मजल्यावरची पडवी

आजचा एपिसोड स्काय गार्डनवर. म्हणजे टॉवरच्या मधल्याच एखाद्या मजल्यावर, डोक्यावर छत आणि बाजू उघड्या ठेवून केलेली बाग.

विषय घरातूनच निघाला. आम्ही महाडचे. जुलै २०२१ च्या पुरात सावित्रीचं पाणी घरात शिरलं, तेव्हापासून बाबांचं एकच पालुपद: "आता घेऊ ते वरचं घेऊ." मी नोकरीला मुंबईत. मग तिघं मिळून एका टॉवरमधला फ्लॅट बघायला गेलो. बाविसाव्या मजल्यावर झाडं, बाकं, सगळं छान. सेल्समन म्हणाला, "एवढ्या उंचीवर कायम गारवा!" आई बाकावर पाच मिनिटं बसली आणि पदर सावरत उठली. "इथं बसवत नाही गं." बाबांना तर संध्याकाळी बाहेर बसायला जागा हवीच. म्हणून टोकन द्यायच्या आधी मी गणित मांडलं.

आधी गारवा. उंचीवर जाताना हवा दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. रायगड सुमारे ८२० मीटर उंच, म्हणून महाडात घाम गळत असताना गडावर पाचेक अंश कमी. बाविसावा मजला म्हणजे ७० मीटरच्या आसपास. फरक जेमतेम अर्धा अंश!

मग वर बरं का वाटतं? वाऱ्यामुळे. दमट हवेत घाम वाळत नाही, वारा लागला की वाळतो. पण वारा उंचीबरोबर वाढतो. शहरात १० मीटरवर तो सेकंदाला ३ मीटर असेल, तर ७० मीटरवर जवळपास ५ होतो. आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे इथे अडीचपटीहून जास्त. इमारतींसाठी वापरल्या जाणाऱ्या लॉसन निकषात निवांत बसायची मर्यादा ४ च्या आसपास आहे.

त्यात इमारतीची भर. वाऱ्याकडच्या भिंतीवर दाब, मागच्या बाजूला ओढ. बाग आरपार उघडी असेल तर वारा त्या फटीतून घुसतो. कडेला तर आणखी जोर. टकमक टोकावर ओढणी हातात धरावी लागते, पण गडाच्या बाजारपेठेतल्या जोत्यांमागे बसलं की वारा पडतो. तसंच हे.

मग काचेनं सगळं बंद करायचं? नको. हवा कोंडते, ऊन आत येतं, फरशी तापते. पोलादपूरला मामाच्या पडवीला कारवीचा कूड आहे, न लिंपलेला. वारा अडत नाही, फटींतून गाळून येतो. भरीव भिंतीमागे वारा भोवरे घेतो. निम्मी उघडी जाळी किंवा दाट झुडपं त्याला मऊ करतात.

मुंबईत हे फार आधी झालंय. कुंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया, पूर्ण झाली १९८३ मध्ये. २८ मजले. पश्चिमेकडून समुद्राचा वारा येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. कोरियांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा आठवला आणि कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या, आत घेतलेल्या बागा ठेवल्या. म्हणजे आपली पडवीच, फक्त आभाळात.

तुम्ही फ्लॅट बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी करा. दुपारी चारला जा आणि अर्धा तास बसा. बाग आरपार उघडी आहे की तीन बाजूंनी आत घेतलेली, ते बघा. आणि बाकावर एक सुटा कागद ठेवा. वाऱ्यानं धूळ-कागद उडायला लागले, तर वेग साधारण साडेपाच मीटरच्या वर आहे. तिथे चहा प्यायला कुणी बसणार नाही.

आम्ही अजून टोकन दिलेलं नाही. रविवारी चारला परत जातोय. बाबा पेपर घेऊन येणार आहेत. वाचता आला, तर बघू!