बुंध्यावरची लाल चकचकीत अळंबी: औषध म्हणून प्रसिद्ध, पण झाडासाठी धोक्याची घंटा

पावसाळ्याचे दोन महिने सरले की बांधावरच्या बाभळीच्या, शाळेच्या आवारातल्या गुलमोहराच्या किंवा परड्यातल्या माडाच्या बुंध्याशी एक वेगळीच अळंबी दिसू लागते. वरून लालसर तपकिरी, पॉलिश मारल्यासारखी चकचकीत आणि हाताला लाकडासारखी टणक. कुणी तिला कुत्र्याची छत्री म्हणून लाथ मारतं, तर कुणी मोबाईलवर व्हिडिओ बघून "ही लाखमोलाची आहे" म्हणत घरी घेऊन येतं. दोघांनीही थोडं थांबून तिची माहिती घेतलेली बरी.

या अळंबीचं शास्त्रीय नाव गॅनोडर्मा. चीनमध्ये तिला लिंगझी म्हणतात, जपानमध्ये रेशी. चिनी औषधपरंपरेत तिचा वापर सुमारे दोन हजार वर्षांपासून सांगितला जातो. युरोपात 1781 मध्ये विल्यम कर्टिस या इंग्रज वनस्पतीतज्ज्ञाने तिच्यातल्या एका जातीचं वर्णन केलं. गॅनोडर्मा हे कुळनाव 1881 मध्ये आलं, आणि त्याचा अर्थच मुळी 'चकाकणारी कातडी' असा आहे.

ओळखायची कशी?

पहिली खूण आकाराची. ती अर्ध्या चंद्रासारखी किंवा मूत्रपिंडासारखी असते आणि बुंध्याला फळी ठोकल्यासारखी आडवी चिकटते. कधी बाजूने आखूड दांडा असतो, कधी नसतो. कोवळी असताना कड पांढरी-पिवळसर, आतला भाग लालसर. जून झाली की सगळी तपकिरी होते.

दुसरी खूण खालच्या बाजूची. धिंगरी किंवा बटण अळंबी उलटी केली की पातळ पापुद्र्यांच्या रांगा दिसतात. इथे त्या नसतात. पांढरट, सपाट पृष्ठभागावर सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं असतात. नखाने ओरखडा काढला की तिथे तपकिरी डाग उमटतो.

तिसरी खूण पूडीची. अळंबीवर, शेजारच्या पानांवर तपकिरी भुकटी साचलेली दिसते. ती धूळ नव्हे, ते अळंबीचे बीजाणू.

फणसाच्या खोडावर येणारा कोकणातला फणसांबा मात्र वेगळा, तो फेलिनस कुळातला. लहान मुलांची लाळ जास्त गळत असेल तर तो सहाणेवर उगाळून हिरड्यांना लावायची जुनी रीत आहे. दोन्ही लाकडासारख्या टणक, त्यामुळे लोकांची गल्लत होते. फणसांब्यावर ती लाल चकाकी नसते.

औषध किती, गाजावाजा किती?

गॅनोडर्मा भाजी करून खाता येत नाही. टणक असते आणि चवीला कडू. हा कडवटपणा तिच्यातल्या ट्रायटर्पीन गटातल्या द्रव्यांचा. त्याशिवाय तिच्यात बीटा-ग्लुकान नावाची शर्करा-साखळी असते. शरीराच्या प्रतिकारशक्तीवर या द्रव्यांचा काही परिणाम होतो, असं प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तिची कीर्ती उगाच झालेली नाही.

पण प्रयोगशाळेतला परिणाम आणि माणसाचा आजार बरा होणं यात फार अंतर आहे. कॅन्सरच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने तपासल्या. 2016 च्या आढाव्यात निकषांत बसणाऱ्या अवघ्या पाच चाचण्या मिळाल्या. निष्कर्ष असा, की मुख्य उपचार म्हणून ही अळंबी वापरावी असा पुरावा नाही. फार तर सुरू असलेल्या उपचारासोबत पूरक म्हणून तिचा विचार करता येईल. म्हणजे केमो सोडून काढा पिणं हा जिवाशी खेळ आहे.

आणखी एक गोष्ट. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर या अळंबीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तिची पूड घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत. ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं.

बरं, बाजारात विकली जाते ती आपल्या बुंध्यावरचीच असते का? बहुतेक वेळा नाही. चीनमध्ये लागवड होणारी जात युरोपातल्या जातीपेक्षा वेगळी असल्याचं 2012 मध्ये स्पष्ट झालं आणि तिला वेगळं नावही मिळालं. आपल्याकडच्या झाडांवर या कुळातल्या अनेक जाती येतात, त्या नुसत्या डोळ्यांनी वेगळ्या ओळखणं तज्ज्ञांनाही जड जातं. औषधी अळंबी पिशव्यांत, लाकडाच्या भुश्यावर आणि कोंड्यावर वाढवतात. सोलन इथल्या अळंबी संशोधन संचालनालयाने त्याचं तंत्र विकसित केलं आहे. रानातली तोडून उकळणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

झाड काय सांगतंय ते बघा

शेतकऱ्यासाठी खरी बातमी इथे आहे. ही अळंबी दिसते तो बुरशीचा फक्त बाहेरचा भाग. तिचे धागे मुळांत आणि बुंध्यात आधीच पसरलेले असतात आणि लाकूड आतून कुजवत असतात. म्हणून बाहेरची अळंबी तोडून टाकली तरी झाड बरं होत नाही.

माडाला यामुळे मूळकुज होते. बुंध्याच्या भेगांतून लालसर तपकिरी चीक गळतो, खालच्या झावळ्या पिवळ्या पडून लोंबतात, नारळ कमी होतात. अळंबी उगवते ती बहुतेक वेळा शेवटी. सुपारीलाही हाच रोग होतो. कर्नाटकात त्याला 'अनाबे' म्हणतात. कन्नडमध्ये अनाबे म्हणजे अळंबीच.

रोग मुळामुळांतून शेजारच्या झाडाकडे जातो. त्यामुळे मेलेला माड नुसता कापून भागत नाही, खोडकी मुळांसकट काढावी लागते. रोगट माडाभोवती साधारण दोन फूट रुंद आणि तीन फूट खोल चर खणतात. एका आळ्यातलं पाणी दुसऱ्यात वाहू देऊ नये, नांगरताना मुळं दुखवू नयेत. निरोगी झाडांना वर्षाला 5 किलो निंबोळी पेंड ट्रायकोडर्मासोबत देतात. औषधाची मात्रा कृषी सहाय्यकांना विचारूनच ठरवा.

गुलमोहर, शिरीष अशी मोठी झाडं वरून हिरवीगार असतात, पण बुंधा आतून पोकळ झालेला असतो. वादळात असं झाड मुळापासून आडवं होतं. त्यामुळे शाळा, एसटी थांबा, आठवडी बाजार किंवा गोठ्याजवळच्या झाडाला ही अळंबी आली असेल तर फोटो काढून ग्रामपंचायतीला लेखी कळवा. झाड परस्पर तोडू नका, परवानगी लागते. तोवर त्याच्या सावलीत मुलं बसवू नका, गुरंही बांधू नका.