घायपाताच्या माहेरीं

आपल्या बांधावरचे घायपात व फड्या निवडुंग मूळचे आपले नव्हेत, ते अमेरिकेंतून आलेले आहेत, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. ते स्वतःच्या घरीं कसे नांदतात हें पाहण्याचा योग गेल्या ऑक्टोबरांत आला. मुलाकडे अमेरिकेस गेलों असतां अ‍ॅरिझोना संस्थानांतील ग्रँड कॅन्यन या कोलोराडो नदीच्या दरींत आम्ही ब्राइट एंजल नांवाच्या पाऊलवाटेनें उतरलों.

वाट सुमारें ६,८५० फूट उंचीवर सुरू होते. आम्हांस साडेचार मैलांवरील एका झऱ्यापर्यंतच जावयाचें होतें. परंतु तेवढ्यांतच तीन हजार फूट उतार आहे. आपण गड आधीं चढतों व थकल्यावर उतरतों. येथें सर्व उलट.

कड्यावर वर्षास सुमारें सोळा इंच पाऊस पडतो, तळाशीं त्याच्या जवळजवळ निम्माच. कड्यावर देवदाराच्या जातीचे उंच वृक्ष आहेत. ही भिंत उत्तराभिमुख असल्यानें सावलींत ओल टिकते व झाडेंही बरींच खालपर्यंत उतरलेलीं दिसतात. पुढें मात्र तांबडा खडक व खुरटीं काटेरी झुडुपें. एका ठिकाणीं वळलेल्या शिंगांचा रानमेंढा हातभर रुंदीच्या कडेवर निवांत चरत होता. विसाव्याच्या जागीं खारी अगदीं पायांत येतात. प्रवाशांनीं खाऊ घालून त्यांस बिघडविलें आहे, आणि त्या चावतात.

घायपात प्रथम दिसला तो खडकाच्या फटींत. आपल्या घायपातापेक्षां हा पुष्कळ लहान, जेमतेम गुडघ्याएवढा. परंतु त्याचा वाळलेला दांडा दोन पुरुष उंच उभा होता. पंधरा-वीस वर्षें, कधीं त्याहून अधिक, सांठवण करून तो एकदांच फुलतो व मरतो. येथील मूळचे लोक फुलण्यापूर्वींच त्याचा गाभा काढून तापलेल्या दगडांच्या खड्ड्यांत भाजून खात. आपण बांधावर लावून केवळ वाखासाठीं ज्याचीं पानें तोडतों, तें त्यांचें अन्न होतें.

निवडुंगाचीं जांभळीं बोंडें पिकलीं होतीं. कांहीं फड्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले. एक ठिपका नखानें चिरडतांच बोट किरमिजी झालें. हा कोचिनील किडा. निवडुंग येथें माजत नाहीं, त्याचें एक कारण हेंच. आपल्याकडे निवडुंग आला तेव्हां किडा मागें राहिला, व रानेंच्या रानें काट्यांनीं भरलीं. रंगाचा किडा समजून १७९५ सालीं ब्राझीलहून आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. त्यानें एका जातीचा निवडुंग खाल्ला, इतरांस शिवला नाहीं. पुढें १९२६ सालीं सिलोनहून आणलेल्या किड्यानें दक्षिण हिंदुस्थानांतील उरलेल्या निवडुंगाचा मोठा फडशा पाडिला. ज्याचा उपद्रव शेतकऱ्यांनीं इतका सोसला, तो येथें खडकाला धरून गरिबासारखा बसलेला पाहून मला हंसूं आलें.

झऱ्यापाशीं पोंचलों आणि एकदम हिरवळ लागली. कॉटनवुडचे मोठे वृक्ष व त्यांखालून वाहणारा ओढा! या पाण्यावर हवासुपाई लोक मका, घेवडा व भोपळा पिकवीत. १९१९ सालीं दरी राष्ट्रीय उद्यान झाली, व १९२८ सालीं येथील शेवटचा हवासुपाई रहिवासी कॅप्टन बरो यास बळानें हांकलण्यांत आलें. त्याची जमात दरीच्या दुसऱ्या एका भागांत अद्याप राहते. जागेचें जुनें नांव बदलून २०२२ सालीं तें हवासुपाई गार्डन्स असें करण्यांत आलें. शेतांच्या जागीं आतां प्रवाशांचा तळ आहे. मी ओढ्याकांठचा गाळ हातांत घेऊन पाहिला; माती उत्तम आहे.

शिदोरी खाऊन परत निघालों. उतरण्यास लागला त्याच्या दुप्पट वेळ चढण्यास लागला, आणि शेवटचा मैल मुलानें माझी पिशवीही घेतली.