वर्दी उतरल्यावर वही-पुस्तक कोण देणार?

साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द उगाच लागलेला नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात फौजींची परंपरा सांगणारी कितीतरी गावं आहेत. मुलगा भरती झाला की गावभर पेढे वाटायचे, निवृत्त होऊन आला की एस.टी. स्टँडवरून वाजतगाजत आणायचं, ही आपली रीत. पण हारतुरे सुकल्यावर त्यानं पुढे काय करायचं, हा प्रश्न त्याच्या आईला आणि बायकोलाच पडतो.

साधा जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. शिक्षण बहुधा दहावी-बारावी. पंधरा वर्षं सेवा झालेल्या दहावी पास जवानाला ‘गट क’च्या सरकारी नोकरीसाठी पदवीधरासारखं धरतात, हे खरं. पण कॉलेजात बसून मिळवलेली पदवी ती पदवीच. ती नसली की मग बँकेच्या दारातली सिक्युरिटीची नोकरी ठरलेली. काम कुठलंच हलकं नसतं, पण दुसरं काही निवडायची सोयच नसावी, याचं वाईट वाटतं.

मैत्रिणींनो, सरकार काही करत नाही असं नाही. २००६-०७ पासून पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे. माजी सैनिकांची मुलं-मुली आणि विधवा पत्नी यांना व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी ती मिळते. २०१९ मध्ये रक्कम वाढली : मुलांना महिना २५०० रुपये आणि मुलींना ३०००. मुलीला मुलापेक्षा जास्त, हे वाचून आपल्याला बरं वाटतंच ना? त्याच वेळी दहशतवादी आणि नक्षलवादी हल्ल्यांत शहीद झालेल्या राज्य पोलिसांच्या मुलांनाही ही योजना लागू झाली. म्हणजे मनात आणलं तर दार रुंद करता येतं.

केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदानही आहे. हवालदार व त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत, आणि विधवा पत्नी एम.ए.सारखा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यास करत असेल तर तिलाही ते मिळतं. पूर्वी महिना १००० रुपये होते, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते २००० झाले.

आता नीट पाहा. मुलं आहेत, विधवा पत्नी आहे, पण या दोन्ही योजनांत तो जवान स्वतः कुठे आहे? शिवाय पंतप्रधान शिष्यवृत्ती इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी.एड. अशा अभ्यासक्रमांची. तालुक्याच्या कॉलेजातल्या साध्या बी.ए., बी.कॉम.ला ती नाही. आणि देशभरासाठी जागा वर्षाला ५५००, त्यात निम्म्या मुलींच्या.

अग्निवीरांमुळे तर हा प्रश्न फार तातडीचा झाला आहे. २०२२ मध्ये ही योजना आली. साडेसतरा ते एकवीस वयाची पोरं चार वर्षांसाठी घ्यायची, त्यातल्या जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम ठेवायचं, असं तेव्हा जाहीर झालं. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरतात. म्हणजे पोरगा घरी येईल तेव्हा जेमतेम बावीस-पंचवीसचा! आणि योजनेच्या अटींप्रमाणे त्याला पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. दर्जा नाही म्हणजे त्या दर्जाच्या शिष्यवृत्त्याही नाहीत. उद्या त्याला मुलं झाली की त्यांनाही नाहीत.

“पण त्याला अकरा लाख मिळणार ना, ताई?” बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला की कुणीतरी हे विचारतंच. मिळणार. सेवा निधीचे व्याजासकट सुमारे ११ लाख ७१ हजार, त्यातले निम्मे त्याच्याच पगारातून कापलेले. पण घरात एकरकमी पैसा आला की काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे? बहिणीचं लग्न, घराचा स्लॅब, सोसायटीचं कर्ज, वडिलांचं ऑपरेशन. सगळी कामं खरीच, टाळता न येणारी. त्या यादीत त्याच्या कॉलेजच्या फीचा नंबर शेवटी लागतो. शिष्यवृत्तीचं तसं नसतं. ती शिक्षणासाठीच येते. मार्कशीट दाखवली तर पुढचा हप्ता. त्यामुळे “पोरगा शिकतोय, त्याला शिकू द्या,” असं घरात ठामपणे सांगायला आईला एक आधार मिळतो.

अमेरिकेत १९४४ साली कायदा करून युद्धावरून परतणाऱ्या सैनिकाला स्वतःला शिकायला पैसे दिले, फी आणि वर घरखर्चही. त्यातून सुमारे ७८ लाख जणांनी शिक्षण-प्रशिक्षण घेतलं, त्यातले २२ लाख कॉलेजात गेले. पुढे २००८ च्या कायद्यानं ठराविक सेवा झालेल्याला तो हक्क पत्नीला किंवा मुलांना देता येऊ लागला. टेक्सास राज्य तर आपल्या सरकारी कॉलेजांत माजी सैनिकांची फीच माफ करतं, आणि २००९ पासून न वापरलेला वाटा मुलाला देता येतो. तिथे आधी सैनिक, मग कुटुंब. आपल्याकडे कुटुंबापासून सुरुवात झाली, ती चांगलीच. पण आता सैनिकापर्यंतही यायला हवं.

आपल्याकडे अर्धी वाट तर तयारच आहे. दहावी पास अग्निवीराला बारावीचं प्रमाणपत्र मिळावं अशी मुक्त विद्यालयाची सोय आहे. इग्नूनं त्यांच्यासाठी खास पदवी ठेवली आहे, तिचे निम्मे श्रेयांक सैन्यातल्या प्रशिक्षणातूनच धरले जातात. राहिलेल्या निम्म्यासाठी राज्य सरकारनं हात दिला तर काय बिघडेल? चार वर्षं सीमेवर काढलेल्या आणि पेन्शनीत आलेल्या, दोघांनाही राज्यातल्या कॉलेजात शिष्यवृत्ती मिळावी. बी.ए., बी.कॉम.लाही मिळावी.

ही मागणी आपणच का करू नये? ग्रामसभेत ठराव मांडा, आमदारांना निवेदन द्या. आणि जे आज मिळतंय ते तरी सोडू नका. घरात माजी सैनिक असेल तर त्यांचं डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, पासबुक आणि मुलांच्या मार्कशीट एका फाईलीत लावा. डिस्चार्ज बुकात मुलांची नावं आणि जन्मतारखा बरोबर आहेत का, ते आजच बघा. चूक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा.

आणि चोवीस वर्षांचा तुमचा दीर किंवा मुलगा म्हणाला, “आता पोरांच्या बाकावर काय बसायचं?” तर त्याला सांगा, बर्फात उभं राहायला लाज वाटली नाही, तर बाकावर बसायला कसली?