प्रवरेच्या उगमाचें अभयारण्य

राहाता तालुक्यांत लोणी-कोल्हारच्या बाजूस भर उन्हाळ्यांतहि ऊस हिरवागार दिसतो, तो प्रवरेच्या कालव्यांमुळें. ही प्रवरा जेथें उगम पावते तो रतनगडाचा डोंगर त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यांत आहे. त्याच डोंगराळ मुलखांत १९८६ सालीं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य स्थापन झालें. संगमनेर, अकोले, राजूर या वाटेनें भंडारदऱ्याला जाणारा राहात्याचा प्रवासी आपल्याच पाण्याच्या मुळाकडे निघालेला असतो. परंतु ही गोष्ट त्याच्या क्वचितच ध्यानांत येते.

अभयारण्याचा विस्तार सुमारें ३६१ चौरस किलोमीटर आहे. १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच. पावसाळ्यांत या उतारांवर कोसळणारें पाणी रान अडवितें व जिरवितें. १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण पाणी सांठवितें. पण उतारावरची माती धरून ठेवणें हें काम झाडांच्या मुळांचें. डोंगर उघडा पडला कीं माती वाहून जलाशयांत गाळ सांचतो.

रानाचा आणि उसाचा आणखी एक संबंध बिबळ्याचा. कालव्यांबरोबर ऊस वाढला, तसा त्याला सपाटीवरहि आडोसा मिळाला आणि गांवचीं कुत्रीं हें त्याचें भक्ष्य झालें. अशा बिबळ्याला पकडून दूर रानांत सोडावें, असें अनेकांना वाटतें. जुन्नरकडे २००१ नंतर हा उपाय झाला, तेव्हां माणसांवरील हल्ले कमी न होतां वाढल्याचें अभ्यासकांना आढळलें. अभयारण्य हा नकोशा जनावरांचा कोंडवाडा नव्हे. उसाच्या गांवांनीं रात्रीं शेळ्या व वासरें बंदिस्त गोठ्यांत ठेवावींत, मुलांना अंधारांत एकटें सोडूं नये, हा उपाय अधिक खात्रीचा.

मे महिन्याच्या अखेरीस या रानांत झाडेंच्या झाडें काजव्यांनीं चमकूं लागतात. ती चमक म्हणजे नर-मादीनें परस्परांस केलेली खूण. ती पाहण्यास शेंकडों मोटारी येतात, आणि त्यांच्या दिव्यांच्या झोतांत ती खूणच बुजून विणीला बाध येतो.

महादेव कोळी व ठाकर लोकांचीं अनेक गांवें अभयारण्याच्या हद्दींतच आहेत. भाताचीं खाचरें, नाचणी आणि गुरांची चराई यांवर त्यांचा संसार चालतो. रानाचे निर्बंध प्रथम त्यांना सोसावे लागतात; त्या रानानें राखलेल्या पाण्याचा मोठा लाभ मात्र खालच्या बागाइतदाराला होतो. तेव्हां पाहुण्यानें त्यांच्याच घरीं मोल देऊन जेवावें, त्यांच्यांतलाच वाटाड्या घ्यावा, मोटार दूर उभी करून दिवे मालवावे आणि आपला कचरा आपल्याबरोबर परत न्यावा. पाणीपट्टीच्या पावतींत न येणारें देणें इतकें तरी फेडतां येतें.